पहाटे ३००, दुपारी ४०: पीएम २.५ चा सेन्सर भलतंच रीडिंग देतो तेव्हा

“ताई, मीटर बिघडला. पहाटे ३१२ होता, आता दुपारी ३८ दाखवतोय. नवीन मागवू का?”

नका मागवू. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

मी एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. सहा वर्षांपूर्वी मुलांच्या प्रकल्पासाठी हवेतले पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजणारे दोन सेन्सर आणले. बघता बघता ते अकरा झाले. काही पेण-अलिबाग बाजूला, तीन चिपळुणात, बाकीचे पुण्यात माजी विद्यार्थ्यांच्या गॅलऱ्यांत. मुलं पास होऊन गेली, सेन्सर माझ्या गळ्यात राहिले. हा एकच बिघाड मी इतक्या वेळा बघितलाय की फोनवर समोरच्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत मी विचारते, “अंघोळीचं पाणी तापवायची चूल कुठल्या बाजूला आहे तुमची?”

इथलं सगळं एसडीएस०११ आणि पीएमएस५००३ या दोन सेन्सरांच्या अनुभवावरून आहे. घरगुती मीटरांत बहुतेक वेळा हे किंवा यांचे भाऊबंदच असतात. तपासण्यांना हात घालण्याआधी आत काय चालतं ते दोन ओळींत समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. एक छोटा पंखा हवा आत ओढतो. हवा एका बारीक लेझर किरणासमोरून जाते. कण किरणात आला की प्रकाश विखुरतो, बाजूला बसवलेल्या फोटोडायोडला तो दिसतो. चमक किती वेळा झाली त्यावरून कणांची संख्या, चमक किती मोठी त्यावरून कणाचा आकार, आणि मग “सगळे कण गोल आहेत, घनता अमुक आहे” असं धरून घनमीटरला किती मायक्रोग्रॅम ते गणित. म्हणजे तुम्हाला दिसणारा आकडा वजन करून आलेला नाही. तोलायचा काटा आत कुठेच नाही.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कुठलं आहे ते आधी ठरवा. एकाहून जास्तही असू शकतात.

- रात्री दहानंतर आकडा हळूहळू चढतो, पहाटे चार ते सात शिखरावर, ऊन वर आलं की उतरतो. पावसाळ्यात तर दिवसभर वरच.
- ठरावीक वेळेला एकदम उडी, वीस-तीस मिनिटांत परत खाली.
- शेजारच्या सरकारी केंद्राचा आकडा आणि तुमचा यांचा काही मेळच नाही.
- तासन्‌तास एकच आकडा चिकटलेला. किंवा सरळ ०. किंवा एसडीएसवर ९९९.९.
- पंख्याची घरघर, किंवा पंखा फिरतोय असं ऐकूच येत नाही.
- महिनोन्‌महिने तळ वर सरकतोय: गेल्या वर्षी पाऊस पडून गेल्यावर ५ यायचा, आता १८ च्या खाली जातच नाही.
- समोर रस्ता खोदलाय, घरात बोटभर धूळ, आणि मीटर ढिम्म.

शेवटचं लक्षण आत्ताच निकालात काढते. तो बिघाड नाही. खोदकामाची, मुरमाची धूळ जाड असते, आणि हे छोटे सेन्सर जाड कणांच्या बाबतीत फार कच्चे आहेत. मिळमिळीत पंख्याच्या ओढीत जाड कण आत नीट शिरतच नाहीत. स्क्रीनवर दिसणारा पीएम १० चा (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा बराचसा बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. त्या आकड्याकडे मी बघायचंच सोडलंय, तुम्हीही सोडा.

पहिली तपासणी: आकडा नेमका कशाचा आहे? (खर्च काही नाही)

“मेळ नाही” म्हणून आलेल्या तक्रारींपैकी निम्म्या इथेच मिटतात. मीटर दाखवतो मायक्रोग्रॅम. मोबाइलवरचं अ‍ॅप बहुतेक वेळा दाखवतं हवेच्या दर्जाचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय. दोन्ही आकडेच, म्हणून माणसं सरळ तुलना करतात.

भारतीय निर्देशांकात पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम म्हणजे १००, ९० म्हणजे २००, १२० म्हणजे ३००. अमेरिकी निर्देशांकात तेच ६० मायक्रोग्रॅम १५० च्या वर जातात, आणि कितीतरी अ‍ॅप भारतातही अमेरिकी पट्टीच वापरतात. एकाच हवेचे हे तीन आकडे: ६०, १०० आणि दीडशेच्या वर. तिन्ही बरोबर.

दुसरी भानगड वेळेची. सरकारी केंद्राचा निर्देशांक मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. तुमचा मीटर या मिनिटाचं सांगतो. आपल्याकडची २००९ ची मर्यादा, दिवसाला ६० आणि वर्षाला ४० मायक्रोग्रॅम, हीसुद्धा सरासरीचीच आहे. पहाटे पाचला १४० दिसला म्हणून “मर्यादेच्या दुप्पट” अशी पोस्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. दिवसाची सरासरी काढा, मग बोला.

दुसरी तपासणी: घड्याळ, नाक आणि खिडकी (हीसुद्धा फुकट)

तीन दिवस वहीत लिहा: उडी किती वाजता आली आणि त्या वेळी घरात, अंगणात, शेजारी काय चाललं होतं. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून कोणी करत नाही, आणि मग सेन्सर उघडून बसतात.

सकाळी साडेसहाला देवापुढची उदबत्ती, संध्याकाळी डासांची कॉइल, दुपारी लसणाची फोडणी. तापलेल्या तेलातून जे बारीक थेंब उडतात ते सेन्सरला अगदी झकास दिसतात. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मिरचीचा ठेचा करताना मीटर ४०० च्या वर गेलेला मी बघितलाय, आणि तो खरा होता. ठसका आम्हाला सगळ्यांनाच लागला होता.

कोकणात याच्या जोडीला दोन गोष्टी. एक, न्हाणीघराबाहेरची चूल किंवा बंब. पहाटे पाचला गावातल्या पंधरा-वीस घरांत लाकडं पेटतात. त्या वेळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, झाकण घातल्यासारखा धूर खालीच राहतो. दोन, फेब्रुवारीपासून होणारी भाजावळ, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन पालापाचोळा (राब) पसरून भाजणं. राब भाजायचे दिवस असतील तर पहाटेचा आकडा खोटा ठरवायची घाई करू नका. बाहेर जा, वास घ्या.

धुराचा आलेख आणि दमट हवेचा आलेख दिसायला वेगळे असतात. धुराचा आलेख करवतीच्या दातांसारखा: चढ, पड, पुन्हा चढ, वारा जसा फिरेल तसा. दमट हवेचा आलेख टेकडीसारखा गुळगुळीत. पीएमएस५००३ असेल तर आणखी एक खूण मिळते. तो ०.१ लिटर हवेत ०.३, ०.५, १, २.५, ५ आणि १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती, ते वेगवेगळं सांगतो. धुरात बहुतेक गर्दी ०.३ च्या खणात राहते. धुक्यात मोठ्या आकाराचे खणही भरू लागतात. हा पक्का पुरावा नव्हे, या सेन्सरची आकाराची वाटणी तशी ढोबळच आहे. पण गुळगुळीत टेकडी आणि भरलेले मोठे खण एकत्र दिसले की मी पुढच्या धुराच्या चौकशीत वेळ घालवत नाही.

तिसरी तपासणी: मीटर टांगलाय कुठे? (शंभर-दीडशे रुपये)

नळाच्या सामानाच्या दुकानातून ७५ मिलिमीटरचे दोन पीव्हीसी एल्बो आणा, उलट्या ‘यू’सारखे जोडा, दोन्ही तोंडं खाली. आत सेन्सर, तोंडावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा. पाऊस आत येत नाही, ऊन थेट आत पडत नाही, हवा खेळते. उन्हाचं लक्षात ठेवा: फोटोडायोडला फक्त उजेड कळतो, तो लेझरचा की सूर्याचा हे त्याला कळत नाही.

जागा निवडताना एसीच्या बाहेरच्या युनिटपासून, एग्झॉस्टपासून, ओल आलेल्या भिंतीपासून आणि तुळशीपुढच्या दिव्यापासून लांब. एसडीएसच्या नळीला लांबलचक रबरी पाइप लावून सेन्सर घरात ठेवायची युक्ती काही जण करतात. करू नका, कण पाइपच्या भिंतीला चिकटतात आणि आकडा उगाच कमी येतो. नळी जितकी आखूड तितकी बरी. पीएमएसमध्ये हवा आत जायची आणि बाहेर पडायची भोकं एकाच बाजूला असतात, तेव्हा डब्यात दोन्हींच्या मध्ये एक छोटा पडदा हवाच, नाहीतर सेन्सर स्वतःचीच उष्टी हवा पुन्हा ओढत बसतो.

चौथी तपासणी: दमट हवा (एक आर्द्रता सेन्सर, दोनेकशे रुपये)

इथे जरा बसून बोलू, कारण पावसाळ्यातली दहातली सात दुखणी इथली असतात.

हवेतल्या कणांमध्ये मीठ असतं, सल्फेट असतात, नायट्रेट असतात. हे पाणी ओढतात. समुद्राकाठच्या हवेतला मिठाचा कोरडा कण आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की विरघळून थेंब होतो, आणि ८५ टक्क्यांना त्याचा व्यास कोरड्याच्या साधारण दुप्पट असतो. व्यास दुप्पट म्हणजे आकारमान आठपट. त्यातला एक भाग मीठ, सात भाग पाणी. लेझरला पाणी आणि मीठ वेगळं कळत नाही. त्याला मोठी चमक दिसते, तो मोठा कण लिहून टाकतो. धुक्यात तर निव्वळ पाण्याचे थेंबच आत जातात. एसडीएसच्या उत्पादकाने ७० टक्क्यांपर्यंतच्या आर्द्रतेचीच हमी दिली आहे. चिपळुणात जुलैत ७० टक्के आर्द्रता म्हणजे कोरडा दिवस!

मिठाची आणखी एक खोड. एकदा थेंब झाला की तो ७५ च्या खाली आल्यावर लगेच सुकत नाही. आर्द्रता ४५ टक्क्यांपर्यंत उतरली तरच पुन्हा स्फटिक होतो. म्हणून पुण्यात ऊन आलं की आकडा चटकन उतरतो, अलिबागला मात्र दुपारी आर्द्रता ६५ वर आली तरी आकडा रेंगाळतो. पहिली दोन वर्षं मला हे कळत नव्हतं, आणि मी अलिबागचा सेन्सर तीनदा बदलला. तीनदा! तिन्ही जुने सेन्सर आजही चालतात.

गंमत अशी की कणांना पाणी पाजणं ही कण मोजायची सगळ्यात जुनी युक्ती आहे. स्कॉटलंडच्या जॉन एटकेनने १८८८ साली कण मोजायचं यंत्र केलं. दमट हवा एकदम पसरवून थंड करायची, प्रत्येक अदृश्य कणावर पाणी जमून थेंब होतो, ते थेंब चौकटी आखलेल्या पट्टीवर पडतात, आणि भिंगातून मोजायचे. आजच्या प्रयोगशाळांतले कणगणक हेच तत्त्व वापरतात, फक्त पाण्याऐवजी बऱ्याच वेळा ब्युटेनॉल या अल्कोहोलची वाफ. त्यामुळे त्यांना काही नॅनोमीटरचे कण दिसतात. आपल्या सेन्सरला ०.३ मायक्रॉनखालचं जवळजवळ काही दिसत नाही. एटकेनच्या यंत्रात थेंबाचा आकार कितीही वाढो, मोजायची संख्याच होती, म्हणून पाणी मदतीला आलं. आपण आकारावरून वजनाचा अंदाज बांधतो, म्हणून तेच पाणी नडतं.

तपासायचं कसं? बीएमई२८० किंवा डीएचटी२२ सारखा आर्द्रता सेन्सर त्याच डब्यात लावा. आठवड्याची रीडिंग्ज संगणकावर घ्या आणि आर्द्रतेनुसार चार गट पाडा: ६० च्या खाली, ६० ते ७५, ७५ ते ८५, आणि ८५ च्या वर. प्रत्येक गटाची पीएम २.५ ची सरासरी काढा. शेवटच्या दोन गटांत ती एकदम उसळत असेल तर चोर सापडला. सेन्सर धडधाकट आहे.

उपाय तीन, सोप्यापासून अवघडाकडे.

पहिला: आर्द्रता ८० च्या वर असतानाची रीडिंग्ज आलेखात राखाडी करा आणि सरासरीत धरू नका. मी अकरापैकी आठ ठिकाणी एवढंच करते. तोटा उघड आहे: पावसाळ्यातले दिवसच्या दिवस कोरे राहतात. राहू देत. मुसळधार पावसात तशीही हवा धुऊन निघालेली असते.

दुसरा: सूत्र लावणं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पीएमएस५००३ बसवलेल्या एका लोकप्रिय मीटरसाठी काढलेलं सूत्र असं: ०.५२४ गुणिले रीडिंग, वजा ०.०८६२ गुणिले आर्द्रता, अधिक ५.७५. रीडिंग १५० आणि आर्द्रता ९० असेल तर उत्तर येतं साधारण ७७. यातली आर्द्रता डब्याच्या आतली आहे, बाहेरची नाही. विजेच्या उबेमुळे आत ती थोडी कमी भरते. आणि सूत्र तिथल्या हवेवर, २४ तासांच्या सरासरीवर बेतलेलं आहे. कोकणातल्या खारट हवेला किंवा आपल्या शेणी-लाकडाच्या धुराला ते जसंच्या तसं लागू पडेल असं समजू नका. दिशा दाखवायला ठीक. तुमच्या गावात सरकारी केंद्र असेल तर शेजारी महिनाभर मीटर ठेवून आपले आकडे आपण काढणं केव्हाही बरं.

तिसरा: हवा आत घेतानाच थोडी तापवणं. बीटा किरणांवर चालणाऱ्या, कण मोजायच्या मोठ्या यंत्रांत हवा अशीच तापवून कोरडी करतात. हिशेब सोपा आहे. २४ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ३१ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ६० वर येते. सातच अंश. नळीभोवती छोटा रोध (तापणारी तार) गुंडाळून हे जमतं, पण जास्त तापवलं तर अमोनियम नायट्रेटसारखे कण वाफ होऊन उडून जातात आणि आकडा खाली पडतो. शिवाय गॅलरीत, प्लॅस्टिकच्या पाइपात, कोणी घरी नसताना तापणारी तार ठेवायची आहे. तापमान ठरलेल्या अंशावर आपोआप तोडणारी व्यवस्था करता येत नसेल तर या वाटेला जाऊ नका. मी दोनच ठिकाणी केलंय, आणि दोन्हीकडे १२ व्होल्टवर, फ्यूज लावून.

पाचवी तपासणी: वीज आणि वायर (मल्टिमीटर हवा)

चिकटलेला आकडा, मध्येच ०, पंख्याचा मलूल आवाज: हे दुखणं बहुतेक वेळा पुरवठ्याचं असतं. सेन्सरला ५ व्होल्ट लागतात, एसडीएसला ४.७ ते ५.३, पीएमएसला ४.५ ते ५.५. ड्रॉवरमध्ये पडलेला जुना मोबाइल चार्जर आणि तीन मीटरची बारीक केबल लावली की चार्जरच्या टोकाला ५.१ असतात आणि सेन्सरच्या पिनवर ४.४ पोचतात. वायफाय चालू झालं की क्षणभर त्याहून खाली. पंखा मंदावतो, आत येणारी हवा कमी होते, आणि गणित मात्र पूर्ण हवा धरून चालू राहतं.

म्हणून मापताना सेन्सरच्या पिनवरच मापा, आणि सगळं चालू असताना मापा. कमी भरलं तर आधी केबल बदला, मग चार्जर.

चिकटलेल्या आकड्याचं अजून एक साधं कारण आहे. सेन्सर गप्प झाला तरी बरेच प्रोग्राम शेवटचा आलेला आकडाच दाखवत राहतात. आकड्यासोबत वेळ छापायला लावा. वेळ पुढे सरकत नसेल तर सेन्सरकडून काही येतच नाहीये. जोडणी सैल आहे. पीएमएसचा तो चिमुकला कनेक्टर हलक्या हाताने काढून पुन्हा बसवा. मी निम्म्या वेळा तेवढ्यावरच परत आले आहे, पेणहून, एसटीने, चार तास घालवून.

सहावी तपासणी: शून्य चाचणी

एकच चाचणी करायची ताकद असेल तर हीच करा. स्वच्छ हवेत सेन्सरने जवळपास शून्य दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर दोष हवेचा नाही, आतला आहे.

एसडीएसला नळी असते, तिला हेपा फिल्टरची (बारीक कण अडवणाऱ्या गाळणीची) छोटी कुपी जोडा. पीएमएसला नळी नाही, त्याला एअर प्युरिफायरच्या हवा बाहेर पडायच्या जाळीवर ठेवा आणि प्युरिफायर पूर्ण वेगात सोडा. कोणाकडेच काही नसेल तर कोऱ्या एन ९५ मास्कची पिशवी करून तोंडावर सैल बांधा. ओढ थोडी अडते, पण ढोबळ उत्तर मिळतं. दहा मिनिटं थांबा. ० ते ३ आलं तर सेन्सर निर्दोष, पुन्हा चौथ्या तपासणीकडे जा. ८-१० च्या वर अडलं तर आतल्या कप्प्यात धूळ बसली आहे आणि तीच सतत प्रकाश विखुरतेय. तळ वर सरकायचं कारण हेच. चाचणी कोरड्या खोलीत करा, नाहीतर दमटपणा आणि घाण यांची पुन्हा गल्लत होईल.

सातवी तपासणी: साफसफाई

आधी वीज तोडा. लेझर चालू असताना आत डोकावायचं नाही, आरशातूनही नाही. हा मुद्दा मी मुलांना हात धरून सांगायचे, तुम्हालाही तसाच सांगतेय.

बाहेरून सुरुवात करा. कोळ्याचं जाळं, कापसाचे तंतू, मुंग्या. एकदा एसडीएसची नळी कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकलेली मिळाली. तिला सहा मिलिमीटरचं गोल भोक म्हणजे तयार घर. तेव्हापासून नळीवर जाळी लावते.

आत हवा मारायला कॅमेऱ्याचा रबरी फुगा वापरा. गॅरेजच्या कंप्रेसरने मारू नका, पंखा त्याच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो आणि बेअरिंग जातं. मी एक असा मारलाय. एसडीएस स्क्रूंवर उघडतो. आत दिसणाऱ्या भिंगावरून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेला कापूस एकदाच, न दाबता फिरवा. पीएमएसचं पत्र्याचं झाकण एकदा उघडलं की पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही, तेव्हा त्याला फक्त फुगा. सुकू द्या, जोडा आणि शून्य चाचणी परत.

आठवी: वय

एसडीएसच्या लेझरचं आयुष्य सुमारे ८,००० तास सांगतात. अखंड चालवला तर ३३३ दिवस, म्हणजे वर्षही नाही. पाच मिनिटांत एकदा जागा करून अर्धा मिनिट मापायला लावा, निदान कागदावर तरी तो कितीतरी वर्षं पुरतो. लेझर मंदावला की आकडा कमी येऊ लागतो, आणि कमी आकड्याची तक्रार कोणी करत नाही, हीच अडचण. “आमच्याकडे हवा सुधारली” असा आनंदाचा फोन आला की मी आधी बसवल्याची तारीख विचारते.

इथे थांबा

मीटर बाहेर आहे, त्याला २३० व्होल्टची वायर जाते आणि डब्यात पाणी शिरलंय, तर हात लावू नका. मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पावसात उघड्यावरचा प्लग ही सेन्सरची तपासणी नव्हे.

दोनदा साफ करूनही शून्य चाचणीत १० च्या खाली येत नसेल, किंवा पंखा घरघरतोय, तर दुरुस्ती सोडा. सेन्सर बदला आणि जुना ई-कचऱ्यात द्या.

शेजारच्या कारखान्याविरुद्ध किंवा वीटभट्टीविरुद्ध तक्रार करायची असेल तर हा मीटर पुरावा म्हणून टिकणार नाही. तुमचे आलेख जोडा जरूर, कुठल्या तासाला बघायचं ते त्यातून कळतं, पण मापन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच करून घ्या. तिथे फिल्टरवर धूळ गोळा करून खरोखर वजन करतात.

धुराड्यातून नुकतेच निघालेले, गाडीच्या नळकांड्यातले अतिसूक्ष्म कण मोजायचे असतील तर हा सेन्सर आंधळा आहे. ते ब्युटेनॉलवाल्या यंत्रांचं काम. ब्युटेनॉल पेट घेतं आणि त्याची वाफ त्रासदायक असते. ती यंत्रं शिकलेल्या माणसानेच हाताळावीत, घरी आणायच्या भानगडीत पडू नका.

आणि घरात कोणाला धाप लागतेय तर मीटर काय म्हणतो याची वाट बघू नका. डॉक्टर.

नवा सेन्सर घेतलाच तर जुना लगेच काढू नका. दोघांना तीन दिवस एकाच डब्यात शेजारी चालवा आणि फरक वहीत लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी आलेखात पायरी दिसेल आणि ती हवेची की सेन्सरची ते तुम्हालाच आठवणार नाही. जमलं तर एक सेन्सर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात बंद करून ठेवा, वर्षातून दोनदाच बाहेर काढा, बाकीच्यांशी ताडून बघा आणि परत झोपवा. माझा असा एक आहे. गोदरेजच्या कपाटात, वरच्या खणात, नेफ्थलीनच्या गोळ्यांपासून लांब.